गाडीच्या रेडिओत कुंईऽऽ कुठून येतं?

प्रश्न : माझी पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक आहे, सकाळी मुलुंडहून परळला जाताना एफएमवर १०७.१ लावतो. इंजिन बंद असताना आवाज एकदम क्लिअर, पण स्टार्ट केली की खरखर आणि ॲक्सिलरेटर दाबला की कुंईऽऽ असा सूर वर वर चढतो. गॅरेजवाला म्हणतो टेपच बदला. बदलू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : अजिबात नको! इंजिन बंद असताना नीट वाजतोय म्हणजे टेप बिचारा ठीकच असणार, त्याच्यात घाण बाहेरून येतेय आणि नवीन टेपमध्येही तीच येईल.

आधी लायटर सॉकेटमधलं सगळं उपटा, मोबाईल चार्जर, डॅशकॅम, सगळं. सिग्नलवर मिळणारे स्वस्त चार्जर आत १२ व्होल्टचे ५ करताना इतक्या वेगाने चालू-बंद होतात की त्याचा कचरा थेट एफएमच्या पट्ट्यात सांडतो. तुम्ही इंजिन बंद ठेवून ऐकलंत तेव्हा डॅशकॅम चालू होता का, तेही आठवा. नंतर बाहेरून बसवलेले एलईडी हेडलाइट असतील तर तेही बंद करून बघा.

तरी आवाज राहिला तर ब्लूटूथवर गाणं लावा. तिथेही कुंईऽऽ येत असेल तर ते वायरिंगमधून येतंय, अँटेनाचा संबंध नाही. फक्त रेडिओवरच येत असेल तर टेपमागची अँटेनाची पिन काढा, स्टेशन जाईलच, पण खरखर पण गेली तर ती अँटेनातून येत होती. मग छतावरचा अँटेनाचा नट बघा, आपल्याकडे पावसाळा आणि खारी हवा, खाली गंज धरतो आणि अर्थिंग (बॉडीशी असलेली जोडणी) सुटतं. पॉलिश पेपर मारून घट्ट करा.

इंजिनाबरोबर चढणारा सूर मात्र बहुतेक वेळा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा. तो एसी करंट बनवतो, आतले डायोड त्याचं डीसी करतात, आणि एखादा डायोड गेला की उरलेली लहर टेपपर्यंत पोचते. हेडलाइट लावून, इंजिन थोडं रेस ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावा, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट डीसी दिसायला हवं. एसी रेंजवर अर्धा व्होल्ट वगैरे दिसलं तर डायोड संशयित. (स्वस्त पिवळा मीटर एसी रेंजवर कधी कधी २०-३० व्होल्ट दाखवतो, घाबरू नका, तो डीसीच चुकीचा वाचतोय.) डायोड ठीक असतील तर वायरमनला सांगा टेपची काळी (अर्थिंगची) वायर सरळ बॉडीला, रंग खरवडून, नीट स्क्रूने पकड. बऱ्याच गाड्यांत ती नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली असते, आणि अर्धी भानगड तिथेच मिटते.

कुंईऽऽऐवजी टकटकटक असेल तर मग इंजिनातले स्पार्क प्लग बघा. सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे जुन्या प्लगची आणि केबलची गळती लवकर कळते. प्लग रेझिस्टरवालाच घ्या, एनजीकेच्या बीपीआर६ईएस सारख्या नंबरातला आर म्हणजे तोच. रात्री बॉनेट उघडून केबलवर निळसर ठिणग्या दिसतात का बघा, पण हात लावू नका, जबरदस्त झटका बसतो.

लॅमिंग्टन रोडवर फेराइटची क्लिप (वायरवर बसते, खरखर अडवते) आणि नॉइज फिल्टर दोन्ही मिळतात, पण ते शेवटी. आणि खरखर फक्त रेल्वे लाईनजवळच होत असेल तर सोडून द्या, तिथे ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात, तुमच्या गाडीचा काय दोष!

प्रश्न : नवीन अँड्रॉइड टेप बसवला तेव्हापासून एफएम धड लागतच नाही, आधीच्या टेपवर मस्त लागायचं.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : तुमच्या अँटेनात बहुतेक छोटा ॲम्प्लिफायर आहे आणि त्याला करंटच मिळत नाहीये. टेपमागे अँटेनाची निळी वायर असते, बसवणाऱ्याने ती मोकळी सोडलेली असणार. काही गाड्यांत हा करंट अँटेनाच्या केबलमधूनच जातो, तिथे वेगळा ॲडॉप्टर लागतो. ज्याने बसवला त्याच्याकडेच जा, आणि वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.