गोवा-गोकर्ण, सहा जण: गाडी कुठून घ्यायची आणि कुठे सोडायची

तुम्ही विचारलंय की ठाण्याहून आई-बाबा आणि दोन मुलं धरून सहा जण डिसेंबरात येताय, पणजी-फोंडा-दूधसागर-पाळोळे-गोकर्ण असं करायचंय, तर मडगावला उतरल्या उतरल्या सेल्फ ड्राइव्ह गाडी घेऊन शेवटपर्यंत ठेवावी का. मी फोंड्याचा, त्यामुळे आमच्या घरी सीझनला पाहुणे म्हणजे रांगच असते आणि प्रत्येकाचा हाच प्लॅन असतो. माझं मत विचाराल तर गाडी घ्या, पण फक्त मधल्या टप्प्यापुरती, म्हणजे पणजी सोडताना घ्यायची आणि काणकोणला, म्हणजे पाळोळे ज्या तालुक्यात आहे तिथे, परत द्यायची. पणजीत ती नुसती उभी राहणार आणि गोकर्णला ती न्यायचीच नाही.

पहिलं म्हणजे डोळे झाकून मडगावचं तिकीट काढू नका. पहिला मुक्काम पणजी ना, मग करमळीला उतरा. कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही ठाण्याला थांबतात आणि करमळीलाही थांबतात. करमळी म्हणजे जवळजवळ जुन्या गोव्यातच, बाजूला तळं, तिथून पणजी दहा-बारा किलोमीटर. मडगावहून तुम्हाला उलटं वर यावं लागतं, कशाला? वंदे भारत मात्र गोव्यात थिवी आणि मडगावलाच थांबते, ती घेतली तर थिवीला उतरून म्हापशावरून पणजी. मुलं असतील तर मी मांडवी म्हणेन, दिवसाची गाडी, कोकण बघत बघत येता येतं आणि पॅन्ट्रीवाले दिवसभर काही ना काही घेऊन फिरत असतात. आई-बाबांना दिवसभर बसवणार नसेल तर कोकणकन्या, रात्री झोपायचं की सकाळी गोव्यात.

स्टेशनवरून टॅक्सी करा. ओला-उबर इथे चालत नाहीत हे मुंबईकरांना स्टेशनबाहेर आल्यावरच कळतं आणि मग चिडचिड. गोवा माइल्सचं ॲप आधीच टाकून ठेवा, नाहीतर स्टँडवरच्या टॅक्सीवाल्याशी दर ठरवूनच बसा. सहा जण आणि बॅगा म्हणजे मोठी गाडी लागेल हे पण आधीच सांगायचं.

पणजीत दोन रात्री राहा आणि पायी फिरा. फोंतेन्यास म्हणजे पणजीतली जुनी पोर्तुगीज वस्ती, तिथल्या गल्ल्यांत गाडी घालून काय करणार, तिथे पार्किंग शोधता शोधताच संध्याकाळ होते. जुन्या गोव्याला टॅक्सीने किंवा बसने जाऊन या, तिथूनच फेरीबोटीत बसून दिवाडी बेटावर जाता येतं, मुलांना समुद्रापेक्षा ती फेरीच जास्त आवडते असा माझा अनुभव. फक्त ३ डिसेंबरला जुन्या गोव्याकडे फिरकू नका, सेंट झेवियरचं फेस्त म्हणजे सण असतो, अख्खा गोवा लोटतो. आणि नाताळ ते न्यू इयर हा आठवडा टाळता आला तर टाळाच, भाडी वाढतात आणि हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात.

आता गाडी. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवर मागवा, बरेचजण आणून देतात. सहा जणांना अर्टिगासारखी सात सीटचीच लागेल, पण बॅगा टाकायला मागची सीट पाडली की सहावा बसणार कुठे, म्हणून सामान कमी आणा किंवा कॅरियरवाली मागा. सगळ्यात महत्त्वाचं, भाड्याच्या सेल्फ ड्राइव्ह गाडीची नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, पोलिसांनी अडवली तर निस्तरायचं तुम्हाला आणि उद्या ठोकली तर इन्शुरन्सचाही घोळ. गाडी ताब्यात घेताना मोबाईलवर सावकाश व्हिडिओ काढा, चारही बाजू, बंपरचा खालचा भाग, चारही व्हील, काच, आतला पेट्रोलचा काटा, किलोमीटरचा आकडा, आणि डिकी उघडून स्टेपनी नि जॅक आहे का ते बघा. देणारा घाई करत असेल तरी काढा. व्हिडिओ त्याच्यासमोरच त्याला व्हॉट्सॲप करून टाका, मग परत देताना जुन्या ओरखड्यावरून डिपॉझिट अडकत नाही. पेट्रोल साधारण काट्याच्या तळाशीच असतं, तेव्हा पहिला स्टॉप पंप.

पणजीहून निघालात की मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, कवळ्याची शांतादुर्गा ही सगळी देवळं एका सकाळीत होतात, फोंड्याच्या आसपासच आहे सगळं. सोमवारी मंगेशीला पालखी असते, गर्दी नको असेल तर तो वार सोडा. अर्धी पँट-बर्म्युडा घालून येऊ नका, देवळात अडवतात. जेवायला फोंड्यात थांबा आणि रात्री इकडेच राहा म्हणजे दूधसागरला पहाटे निघता येतं.

दूधसागर धबधब्याला तुमची गाडी कुळे गावापर्यंतच. पुढे जंगल आहे, जीपनेच जावं लागतं, लाइफ जॅकेट सक्तीचं. शनिवार-रविवारी जीपला मोठी रांग लागते, म्हणून जितक्या लवकर पोचाल तितकं बरं. रूळावरून चालत जायचे व्हिडिओ दिसतात ना, ते डोक्यातून काढून टाका, रेल्वेची बंदी आहे. जीपचा रस्ता दगडाधोंड्यांचा आहे, पाठ अक्षरशः खिळखिळी होते, त्यात शेवटी थोडं चालायचं असतं. आई-बाबांना झेपणार नसेल तर त्यांना घेऊन एकाने तांबडी सुर्लाला जावं, कदंबांच्या काळातलं महादेवाचं दगडी देऊळ, गाडी जवळपर्यंत जाते. शांत, आणि खरं सांगू का, मला दूधसागरपेक्षा तेच आवडतं.

कुळ्याहून केपे-बाळ्ळीवरून काणकोण. वाटेत करमल घाट लागतो, वळणावळणाचा, कुणाला गाडी लागत असेल तर गोळी आधीच द्या आणि अंधार पडायच्या आत उतरा. पाळोळ्याला दोन रात्री, हवं तर एक जवळच्या आगोंद किनाऱ्यावर. इथे गाडी परत. गाडी ठरवतानाच विचारा की काणकोणला येऊन घेऊन जाल का आणि त्याचे वेगळे किती, छोटे एजंट शेवटच्या क्षणी मडगावलाच आणून द्या म्हणतात.

गोकर्ण कर्नाटकात. भाड्याची गाडी सीमेवरच्या पोळे गावच्या चेकनाक्यापलीकडे न्यायला परमिटचा प्रश्न येतो, बरेच मालक नाहीच म्हणतात. त्यापेक्षा मडगावहून मंगळूरकडे जाणारी पॅसेंजर बघा, काणकोणला कोणती थांबते ते रेल्वेच्या ॲपवर नीट तपासा, सोयीची नसेल तर टॅक्सीने मडगाव गाठा. गोकर्ण रोड स्टेशन गावापासून दहाएक किलोमीटरवर आहे, रिक्षा मिळते.

आणि परत यायला गोव्यात उलटं यायची गरजच नाही. मत्स्यगंधा एक्सप्रेस गोकर्ण रोडहून संध्याकाळी मिळते आणि पहाटे-सकाळी ठाण्याला सोडते. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा हॉटेलच्या आधी हे तिकीट काढा. सहाही जणांचं एकच तिकीट काढू नका, आई-बाबांचं वेगळं काढा, कारण लोअर बर्थचा सीनियर सिटिझन कोटा एका तिकिटावर एक किंवा दोघं असतील तरच लागतो. डबा वेगळा आला तर मुलांपैकी एकाला जेवणाचा डबा घेऊन पाठवा.