निकाल बाजूने लागला तरी समाज तोच राहत असेल, तर कोर्टाच्या निकालाचा उपयोग काय?

तुमचा प्रश्न असा की, कोर्टाने वंचित समाजाच्या बाजूने निकाल दिला तरी गावात, ऑफिसात आणि पोलीस ठाण्यात वागणूक तीच राहत असेल, तर त्या निकालाने नेमकं काय साधतं? मी तालुका आणि जिल्हा कोर्टात वकिली करतो. अ‍ॅट्रॉसिटीच्या (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) प्रकरणांत फिर्यादीच्या बाजूने उभा राहिलो आहे आणि आरोपीच्या बाजूनेही. माझं मत थोडक्यात सांगतो. निकालाने हक्क आयता हातात पडत नाही. पण जाब कोणी द्यायचा, हे निकालाने बदलतं. काल ज्याला अडवलं त्याला ‘मला हक्क आहे’ हे सिद्ध करावं लागत होतं, आज अडवणाऱ्याला ‘मी का अडवलं’ हे सांगावं लागतं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण बहुतेक लढाया इथेच जिंकल्या किंवा हरल्या जातात.

महाडचंच घ्या. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं चाललेला दावा मात्र फारसा कोणी वाचत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क आला होता. तरी तो बजावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, आणि त्या दिवशी पाणी प्यायलेल्यांना मार खावा लागला. मागाहून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात काही सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसं महाडला जमलेली असताना बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लढाई कोर्टात नेली.

उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937 चा. लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, म्हणजे 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच. आज तो निकाल वाचला तर जरा हिरमोडच होतो. अस्पृश्यता अन्यायाची आहे, असं त्यात कुठेही ठणकावून म्हटलेलं नाही. अस्पृश्यांना मनाई करणारी रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींनी सिद्ध केलेलं नाही, एवढंच म्हणून त्या सवर्ण वादींचं अपील फेटाळलं. रूढी सिद्ध झाली असती तर ती वाजवी आहे का, सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, हे पाहावं लागलं असतं. तो प्रश्न आलाच नाही. पण सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर पडली ते बघा. पाणी पिणाऱ्यावर नाही, पाणी अडवणाऱ्यावर पडली.

अस्पृश्यता नष्ट करणारं राज्यघटनेचं कलम 17 आलं, मग अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा 1955 चा कायदा आला, त्यालाच पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळालं. आमच्याकडे अजून सगळे त्याच्या इंग्रजी नावावरून पीसीआरच म्हणतात. त्याच्या कलम 12 ने हेच सूत्र पक्कं केलं. त्या कायद्यातला गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला असेल, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असं कोर्टाने गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. तरीही कर्नाटकातल्या एका गावात नव्या बोअरवेलवर दलितांना धाक दाखवून पाणी भरू दिलं नाही, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. उच्च न्यायालयाने आरोपींना सोडून दिलं होतं. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून आरोपींना पुन्हा दोषी ठरवलं. चवदार तळ्याच्या निकालानंतर पंचावन्न वर्षं उलटली होती, आणि भांडण पुन्हा पाण्याचंच.

मग समाजाची दृष्टी आडवी येते कुठे? लोकांना वाटतं ती न्यायाधीशाच्या डोक्यात असते. असतेही, त्याकडे येतोच. पण त्याच्या कितीतरी आधी ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर असते. माणूस रात्री मार खाऊन येतो. अंमलदार म्हणतो, ‘शिवीगाळ, मारहाण लिहून घेतो, बाकीचं सकाळी साहेब बघतील.’ जातीवरून जे बोललं गेलं ते शब्द फिर्यादीत येत नाहीत. कधी तर अदखलपात्र नोंद करून घरी पाठवतात. आठवड्याने संघटनेचे लोक सोबत येतात, तेव्हा पुरवणी जबाबात ते शब्द येतात. आणि वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा आरोपीच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘पहिल्या जबाबात हे का नाही?’ मीही हा प्रश्न विचारलेला आहे, आणि तो लागू पडतो. अंमलदाराने द्वेषापोटीच केलेलं असतं असंही नाही. त्याच्या लेखी ती गावातली रोजची भांडाभांड असते, एवढंच.

पुढे साक्षीदार. ज्याने सगळं पाहिलं तो आरोपीच्याच शेतात रोजंदारीवर असतो. दरम्यान गावात बैठक बसते, ‘गावाची बदनामी होते, मिटवून घ्या.’ साक्षीदार फितूर होतो, आरोपी सुटतो. मग हीच सुटका ‘बघा, केस खोटीच होती’ असं सांगायला वापरली जाते. सुटका होण्याची आणि केस खोटी असण्याची ही गल्लत चहाच्या टपरीवर ऐकू येते तशी कोर्टातही ऐकू येते.

2018 मध्ये ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच उमटली. प्रकरण आपल्याच कराडचं. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो म्हणून अटकेआधी परवानगी आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, असे निर्देश दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिले. तारीख 20 मार्च, योगायोगाने महाड सत्याग्रहाचीच. 2 एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने कलम 18-अ घालून ते निर्देश निष्प्रभ केले, आणि 1 ऑक्टोबर 2019 ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुनर्विलोकनात ते मागे घेतले. एक अख्खा समाजवर्ग कायद्याचा गैरवापर करतो असं गृहीत धरता येत नाही, असं त्या पीठाने म्हटलं. इथे कोर्टाने समाजाला वळण लावलं नाही. रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी आधी संसदेला हलवलं, मग कोर्टाला.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 बाबतही तेच. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या कारणांनी कलम टिकवलं त्यातलं एक म्हणजे समलिंगी लोकांची संख्या अत्यल्प आहे. (हक्क डोकी मोजून देतात, हे मला तेव्हाच कळलं!) 2018 मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो निकाल रद्द केला. मधल्या काळात कलमाचा एक शब्दही बदललेला नव्हता. बदललं ते न्यायपीठापुढे येऊन स्वतःच्या नावाने बोलणाऱ्या माणसांचं धैर्य, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा 2017 चा निकाल.

तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क 15 एप्रिल 2014 च्या निकालाने मिळाला. तरी 2022 मध्ये महाराष्ट्र पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय होते, स्त्री आणि पुरुष. आठ वर्षांत अर्जात एक रकाना वाढला नाही, यावरून सरकारी यंत्रणा निकाल किती वाचते ते समजा. पण प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं तेव्हा उमेदवारांना ‘आम्ही कोण’ हे पटवून द्यावं लागलं नाही. रकाना का नाही, याचं उत्तर सरकारला द्यावं लागलं, आणि धोरण ठरलेलं नाही ही सबब टिकली नाही. सरकारला तो पर्याय द्यावा लागला.

साक्षीदारांवर अवलंबून नसलेले निकाल त्यातल्या त्यात लवकर लागू पडतात, हे माझं निरीक्षण. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला 10 लाख द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं, 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. तिथे कोणाच्या मनात काय होतं हे सिद्ध करायचं नसतं. तरी ‘तो स्वतःहून उतरला, आम्ही सांगितलंच नव्हतं’ हे ठेकेदाराचं वाक्य चुकत नाही.

शेवटी, तुम्ही हे कोणासाठी विचारत असाल तर कामाचं सांगतो. सगळं पहिल्या जबाबावर अवलंबून असतं. सही करण्याआधी तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि जे शब्द वापरले गेले ते, कितीही घाण असले तरी, जसेच्या तसे लिहायला लावा. कोण हजर होतं त्यांची नावं घाला. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. नियमांप्रमाणे अ‍ॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नसतो, आणि कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या लोकसेवकाला त्याच कायद्याच्या कलम 4 खाली शिक्षा आहे. हे दोन मुद्दे अर्जात लिहिले की पुढचं बोलणं बऱ्याचदा जरा वेगळ्या सुरात होतं.