एक लिटरवाला (म्हणजे साधारण एक लिटर आकारमानाचा, छोट्या डब्याएवढा) सेकंडहँड मिनी पीसी किती वर्षं टिकतो? की टॉवरच, म्हणजे मोठा उभा डबाच घ्यावा?

टिकतो. आधी जातो तो ॲडॉप्टर, म्हणजे वीज देणारा बाहेरचा ठोकळा, आणि बिल फाटतं मदरबोर्डावर. यंत्र न उघडताच ‘बोर्ड गेला, नवीन घ्या’ असं कोणी सांगितलं की माझं डोकं फिरतं.

परवा आलेल्याचंच बघा. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा एक गिरकी घ्यायचा, खेळ खलास. दुकानातलं निदान अर्थातच बोर्ड. ॲडॉप्टरला मीटर लावला तर व्यवस्थित 19.5 व्होल्ट, आणि फसगत होते ती इथेच. लोड नसताना तो तेवढे दाखवणारच! म्हणून लोड द्यायला ट्रकचे 24 व्होल्ट, 21 वॅटचे तीन बल्ब घ्या आणि एकेक करून जोडा. तिन्ही एकदम जोडलेत तर चांगला ॲडॉप्टरही ट्रिप होऊ शकतो. या ठोकळ्याने दुसऱ्याच बल्बला मान टाकली. आतले कपॅसिटर सुकले होते. टेबलामागे वायरींच्या गुंत्यात वर्षानुवर्षं भाजत पडल्यावर दुसरं काय होणार?

बदली ॲडॉप्टर पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळेल, पण नुसते व्होल्ट जुळवून आणू नका. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मायक्रो या मिनी पीसीच्या ॲडॉप्टरच्या टोकात मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते, त्यातून यंत्र ॲडॉप्टर ओळखतं. ती वाकली किंवा नकली ठोकळ्यात ओळख देणारी चिप नसली, तर मशीन चालू होतं पण प्रोसेसर रांगतो. मग लोक विंडोज पुन्हा टाकत बसतात.

दुसरा शत्रू धूळ. पुण्यात जिथे तिथे बांधकामं, त्यामुळे पंखा आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पत्र्यांच्या मधे नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून ब्लोअर मारला तर तो आणखी आत घट्ट बसतो. पंख्याचं कव्हर काढा, थर चिमटीने उचला, पंखा बोटाने धरून मगच हवा मारा. मशीनचं घड्याळ मागे जात असेल तर सीआर 2032 सेल बदला.

टॉवरचं म्हणाल, तर मोठं ग्राफिक्स कार्ड लागणार असेल तरच. बाकी 35 वॅटचा प्रोसेसर ऑफिसच्या कामाला पुरून उरतो. आणि रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे सहज बदलता न येणारी, असेल तर मी वर केलेलं कौतुक त्या यंत्राला लागू नाही.

हो, पैसे देण्याआधी बायोस (विंडोजच्या आधी येणारी सेटिंग) उघडून बघा, मशीन चालू होताना ही बटणं दाबून: डेलला एफ 2, लेनोव्होला एफ 1, एचपीला एफ 10. कंपन्यांतून निघालेल्या मशीनला कधीकधी जुना पासवर्ड तसाच असतो. तो मागितला तर मशीन तिथेच ठेवा आणि निघा.