फॉर्म भर, आणि सोबत अजून एक अर्ज पण दे

जय भीम.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. वर्गात "स्कॉलरशिपवाले उभे राहा" म्हणून नावं वाचतात, मागून कोणीतरी "फुकटे" म्हणतं, म्हणून यंदा फॉर्मच नाही भरायचा, ट्युशन घेऊन फी भागवायची असं तू ठरवलंयस. ट्युशन घे, खुशाल घे. फॉर्म सोडू नकोस.

फुकट कसलं गं? जोतिराव फुल्यांनी 1882 ला हंटर कमिशनपुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, निवेदन दिलं त्यात सरळ हिशोबच मांडलाय, की सरकारची तिजोरी भरते रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे. त्यातच स्कॉलरशिपबद्दल पण लिहिलंय, आणि मला ते फार भारी वाटतं, की नुसती स्पर्धा लावून स्कॉलरशिप वाटणं दिसायला न्याय्य असलं तरी त्यानं बाकीच्या समाजांत शिक्षण पसरत नाही, म्हणून ज्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही त्यांच्यासाठी काही राखून ठेवा. म्हणजे तू जो फॉर्म टाळतेयस ती 140 वर्षांपूर्वीची मागणी आहे! आणि तुझी आई साबणाची वडी आणते तेव्हा जीएसटी भरतेच की, तिथं तिला कोणी उभं करून नाव विचारत नाही. (हा फॉर्म जिथं भरतात त्या सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ओपनच्या गरीब पोरांसाठी पण शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, त्या मागच्या बाकवाल्याला सांग.)

आता कामाचं. महाडीबीटीवर सबमिट केलं की झालं असं नसतं, फॉर्म कॉलेजच्या क्लर्कच्या लॉगिनला पडून राहतो, त्यामुळे स्टेटस बघत राहा. तोंडी भांडू नको, लेखी दे आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, शिक्का घे. तुमचं कॉलेज अनुदानित आहे, तेव्हा अडलंच तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचार, माझा अर्ज पुढं कधी पाठवला? 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि खरं सांगू, बऱ्याचदा उत्तराआधी फॉर्मच पुढं सरकतो.

दुसरा अर्ज प्राचार्यांना. नावं वर्गात वाचू नका, ज्याला त्याला मेसेज करा, एवढंच मागायचं. एकटीनं जाऊ नकोस, एकटीला "तुलाच काय प्रॉब्लेम आहे" ऐकवतात. होस्टेलमधल्या चौघीपाचजणींच्या सह्या घे, पैशाच्या फॉर्मपेक्षा हा अर्ज मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

उत्पन्नाचा दाखला बघून ठेव, 31 मार्चला मुदत संपली असेल तर आजच घरी फोन कर. अर्जाचा ड्राफ्ट पाठव, रात्री जेवणानंतर बघते.