वाचकांचे प्रश्न : ‘द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका’ पाहिल्यानंतर

१९४०च्या निवडणुकीत रूझवेल्ट हरले असते आणि वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग अमेरिकेचे अध्यक्ष झाले असते तर काय झाले असते, या कल्पनेवर फिलिप रॉथ यांनी २००४ मध्ये कादंबरी लिहिली. डेव्हिड सायमन आणि एड बर्न्स यांनी २०२० मध्ये तिच्यावर सहा भागांची मालिका केली. तिच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : स्तुती ऐकून आम्ही घरच्यांनी ही मालिका तीन रात्रींत पाहिली. पहिल्या चार भागांत जवळजवळ काहीच घडत नाही. छळछावण्या नाहीत, रस्त्यावर रणगाडे नाहीत. एक विमा एजंट रेडिओ ऐकतो आणि बायकोशी वाद घालतो. फॅसिझमवरच्या मालिकेत फॅसिझम आहे कुठे? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क शहरातल्या लेविन या ज्यू कुटुंबाच्या स्वयंपाकघरात ही मालिका घडते, आणि जे घडते ते दर वेळी इतके लहान असते की त्यावर आरडाओरडा करणारा माणूसच आततायी ठरावा. वॉशिंग्टन पाहायला गेलेल्या या कुटुंबाला, खोली आधीपासून राखून ठेवलेली असूनही, हॉटेल सोडायला लावतात. तेथे कोणी शिवीगाळ करत नाही. नोंदणीत चूक झाली असे सांगितले जाते, आणि बोलावलेला पोलीस हॉटेलचीच बाजू घेतो. मुंबईत भाड्याची जागा शोधताना आडनाव सांगताच पलीकडचा आवाज बदलला आणि ‘जागा कालच गेली’ असे उत्तर मिळाले, असा अनुभव ज्यांच्या वाट्याला आला आहे, त्यांना या प्रसंगातला अपमान समजावून सांगावा लागणार नाही. तो सिद्ध करता येत नाही, आणि म्हणूनच तो दिवसेंदिवस मनातून जात नाही.

यानंतर सरकारच्या योजना येतात. शहरातल्या ज्यू मुलांना उन्हाळ्यात ग्रामीण अमेरिकेत पाठवणारी ‘जस्ट फोक्स’ ही योजना वरवर पाहता एखाद्या शिबिरासारखी आहे. थोरला मुलगा सँडी केंटकीतल्या तंबाखूच्या शेतावरून आनंदाने परततो आणि वडिलांनाच संकुचित ठरवतो. पुढे ‘होमस्टेड ४२’ खाली कंपन्या ज्यू कर्मचाऱ्यांची दूरच्या राज्यांत बदली करू लागतात. जमीन देऊन शेतकरी वसवणारा १८६२चा होमस्टेड कायदा अमेरिकेत अभिमानाने आठवला जातो. त्याचेच नाव येथे लोकांची वस्ती विस्कटण्यासाठी वापरले आहे. प्रत्येक पावलाला कागद आहे, शिक्का आहे, एखादा सुस्वभावी अधिकारी आहे. जॉन टर्टुरो यांनी रंगवलेला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, बेंगल्सडॉर्फ तर मनापासून मानतो की सत्तेच्या जवळ राहून आपण आपल्या समाजाचे रक्षणच करत आहोत. मला तो या मालिकेतला सर्वांत भयंकर माणूस वाटला, कारण तो खोटारडा नाही.

पुढे धाकटा फिलिप आपली बदली टळावी म्हणून या योजनेच्या कार्यालयात काम करणाऱ्या मावशीकडे शब्द टाकतो, आणि आपल्याऐवजी शेजारच्या सेल्डनच्या घराला केंटकीला जावे लागते. शेवटच्या भागात दंगली उसळतात, सेल्डनची आई घरी परतलेली नसते, आणि फिलिपची आई बेस लेविन शेकडो मैलांवरून फोनवर त्या एकट्या मुलाला धीर देत राहते. तो फोन ऐकताना मागचे सगळे भाग एकदम अंगावर येतात. हे सगळे संथपणे रचले नसते तर तो प्रसंग केवळ करुण झाला असता. फिलिपचा अपराध आपल्याला आपला वाटला नसता. फिलिपचा चुलतभाऊ ॲल्विन याच्या उपकथानकातला गुप्तहेरीचा भाग मात्र मलाही सैल वाटला, आणि तेथे आपला कंटाळा मी मान्य करतो.

प्रश्न : खऱ्या माणसाला अशा रीतीने खलनायक करणे न्याय्य आहे का? लिंडबर्ग तर अटलांटिक ओलांडणारे वीर होते. (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, घाटकोपर)

उत्तर : मे १९२७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर एकट्याने, न थांबता, सुमारे साडेतेहतीस तासांत कापले, आणि ते वीर ठरले हे खरेच आहे. त्याच माणसाने ऑक्टोबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये गोरिंगच्या हातून नाझी जर्मनीचे पदक स्वीकारले, आणि ११ सप्टेंबर १९४१ रोजी डे मॉइन येथील भाषणात ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्ट सरकार हे तिघे देशाला युद्धात ढकलत असल्याचा आरोप केला. अमेरिकेने युद्धात उतरू नये म्हणणाऱ्या ज्या ‘अमेरिका फर्स्ट’ समितीच्या व्यासपीठावरून ते बोलले, तिचे सदस्य आठ लाखांच्या घरात होते. त्याआधी, फेब्रुवारी १९३९ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जर्मन-अमेरिकन नाझीसमर्थकांच्या सभेला सुमारे वीस हजार लोक जमले होते आणि मंचामागे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे भव्य चित्र होते. यांतले काहीही कादंबरीकाराने रचलेले नाही. १९४४ मध्ये लिंडबर्ग पॅसिफिकमध्ये जपानविरुद्धच्या मोहिमांवर विमान घेऊन गेले, हेही नोंदवले पाहिजे. मालिकेतला लिंडबर्ग फारसा बोलतही नाही. येतो, दोन-चार वाक्ये उच्चारतो आणि उडून जातो. त्याच्याभोवतीचे लोक त्याच्या मौनातून आपल्याला हवा तो अर्थ काढतात, म्हणून मला हे चित्रण अन्यायकारक वाटत नाही.

प्रश्न : शेवटी निवडणुकीचा निकालच सांगितलेला नाही. सहा तास दिल्यावर ही फसवणूक नव्हे काय? (एक निवृत्त शिक्षक, दादर)

उत्तर : आपल्या पिढीला ‘असे झाले असते तर’ या प्रकाराची गोडी जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेने लावली असेल. तेथे विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते, सगळा इतिहास वेगळ्या वाटेने जातो, आणि गंगाधरपंत अखेर आपल्या ओळखीच्या जगात परततात. या परतीची वाचकाला खात्री असते. रॉथ यांच्या कादंबरीतही रूझवेल्ट परत निवडून येतात आणि इतिहास रुळावर येतो. मालिकेने हा दिलासा जाणूनबुजून काढून घेतला आहे. मतदानयंत्रे उचलून नेली जातात, मतपत्रिका जाळल्या जातात, आणि लेविन कुटुंब रेडिओजवळ निकालाची वाट पाहत बसते, तेथेच पडदा पडतो. अमेरिकेत निवडणुकीचे वर्ष सुरू असताना, २० एप्रिल २०२० रोजी, हा भाग प्रसारित झाला. निकाल सांगितला असता तर प्रेक्षक निश्चिंत होऊन उठला असता. त्याने तसे उठू नये हीच दिग्दर्शकाची इच्छा होती असे मी समजतो, आणि हा शेवट मला कादंबरीच्या शेवटापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

प्रश्न : आम्ही मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू. माझी आजी सांगत असे की तिच्या लहानपणी भायखळ्याला त्यांच्या इमारतीत जर्मन बोलणारे एक डॉक्टर राहायला आले होते. मालिका पाहताना त्यांची फार आठवण झाली. अशी माणसे तेव्हा मुंबईत खरोखर आली होती का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय, आली होती. १७९६ मध्ये आपल्या समाजाने बांधलेल्या सिनेगॉगमुळे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळामुळे, ज्या परिसराला आणि रेल्वेस्थानकाला मशीद हे नाव पडले असे सांगतात, त्या शहरात १९३३ नंतर हिटलरच्या राज्यातून पळालेले ज्यू येऊ लागले, आणि त्यांत डॉक्टर पुष्कळ होते. आकाशवाणीची ओळखधून रचणारे वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये येथे आले. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू पत्नीसह १९३८ मध्ये ऑस्ट्रियातून आले, आणि पुढे रझा, आरा, हुसेन यांच्या पिढीला त्यांनी आधार दिला. या लोकांना मुंबईतही सहज स्वस्थता लाभली नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच, पासपोर्ट जर्मन म्हणून, नाझींपासून पळालेल्या अनेकांना ब्रिटिश सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केले, आणि चौकशीनंतर त्यांतल्या बऱ्याच जणांना सोडले. आजींनी सांगितलेल्या त्या डॉक्टरांचा दवाखाना कोठे होता, युद्ध सुरू झाल्यावर ते काही काळ दिसेनासे झाले होते का, घरात कोणाला त्यांचे नाव आठवते का, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, आणि शक्य असल्यास आमच्याकडेही पाठवावे.