ठाव सुटण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

चोविशीत पोहायला शिकायचं ठरवलंस, छान केलंस. पण "एकदा खोल पाण्यात ढकललं की भीती जाते ना?" हा तुझा प्रश्न डोक्यातून काढून टाक. भीती जात नाही, घर करून बसते. अंगावर अचानक गार पाणी आलं की माणूस आपोआप जोरात श्वास आत ओढतो. तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर पाणी श्वासनलिकेशी जातं, घसा आवळतो आणि मग नुसती धडपड उरते. आम्हाला विहिरीत ढकलूनच शिकवलं, असं अभिमानाने सांगणारे भेटतील. कमरेला डबा किंवा सुका भोपळा बांधलेला होता आणि दोरी काठावरच्या कुणाच्या तरी हातात होती, हे सांगायचं मात्र ते विसरतात.

तू छातीइतक्या पाण्यापासून सुरुवात कर. पायऱ्यांवरून सावकाश उतर, आधी मान आणि चेहरा ओला कर, मिनिटभर नुसतं उभं राहा. मग, हातपाय मारण्याच्याही आधी, तरंगत्या अवस्थेतून उभं राहायला शीक. पालथं असताना दोन्ही गुडघे पोटाशी घे, तळहातांनी पाणी खाली दाब, अंग सरळ होऊ लागलं की डोकं वर आण आणि सगळ्यात शेवटी पाय टेकव. उताणं असशील तर हनुवटी छातीकडे, गुडघे पोटाशी आणि हात मागून पुढे ओढायचे. नवशिके नेमकं उलट करतात. आधी डोकं वर काढतात, त्याने पाठ ताठ होते, पाय मागेच राहतात, तळ सापडत नाही आणि चार फूट पाण्यातही माणूस घाबरतो. हे उभं राहणं वीस-पंचवीस वेळा नीट जमल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. परत पाय टेकता येतात हे अंगाला पटलं की काठ सोडताना हात आपोआप सैल होतो.

त्यानंतर श्वास. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, दोष मात्र ते हातापायांना देतात. पाण्याखाली श्वास कोंडून धरला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घुसमटायला लागतो. मग तोंड वर काढल्यावर त्या अर्ध्या सेकंदात श्वास सोडायचाही असतो आणि घ्यायचाही. दोन्ही अर्धवट राहतं, आणि दहा मीटरांत दम लागतो. म्हणून काठ धरून तोंड पाण्यात घाल, नाकाने चार आकडे मोजत बुडबुडे सोड, वर येऊन तोंडाने श्वास घे. असे दहा, थोडी विश्रांती, पुन्हा दहा; रोज तीन फेऱ्या. नाकातून हवा बाहेर जात असली की पाणी आत शिरत नाही, हा जादा फायदा. एक ताकीद: भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखाली जास्त वेळ राहण्याची पैज कधीही लावू नकोस. त्याने श्वासाची गरज जाणवायला उशीर होतो आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते.

तरंगताना पाय खाली जातील. हवा छातीत असते आणि पाय जड, म्हणून ते होतंच. डोकं वर धरलंस तर आणखी बुडतील. नजर तळाकडे ठेव आणि छाती किंचित पाण्यात दाब. भिंतीला पाय लावून, हात पुढे ताणून, नुसतं सरकत जायचा सराव पुष्कळ कर. पाय कमरेपासून मारायचे, घोटे सैल. गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे मारलेस तर पाणी उडेल, अंग जागचं हलणार नाही. पोटरीत गोळा आला तर काठाला येऊन पायाची बोटं स्वतःकडे ओढ.

आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं पुरतात. भीतीला शून्य ते दहा गुण दे. तीन ते पाचच्या दरम्यान सराव कर. सातच्या वर गेली की शिकणं थांबतं, शरीर फक्त जीव वाचवायला बघतं, तेव्हा एक पायरी मागे ये. दिवसाचा शेवट नेहमी जमणाऱ्या गोष्टीने कर. शेजारून आठ वर्षांची पोरं सुळकन जातील आणि लाज वाटेल. ती कमी करायची असेल तर प्रौढांची, कमी गर्दीची बॅच बघ. सुती टी-शर्ट नको, पाणी पिऊन जड होतो. गॉगल पट्टा न लावता डोळ्यांवर दाबून बघ. क्षणभर चिकटून राहिला तर माप बरोबर.

खोल भागात जायची घाई करू नकोस. पंचवीस मीटर न थांबता पार झाले, पाच मिनिटं उताणं तरंगता आलं आणि मध्येच वळून परत येता आलं, की जीवरक्षकाला सांगून भिंतीलगत जा. तिथे आधी कठडा धरून उभ्याने पाय हलव, मग एक हात सोड, मग दोन्ही.

विहीर, धरण आणि समुद्र यंदा नाहीच. पोहण्याच्या तलावाला चारही बाजूंनी काठ असतो. धरणात तळ एका पावलात सुटतो आणि वरचं पाणी कोमट असलं तरी खाली ते एकदम गार लागतं. समुद्रात लाट परतताना आत ओढणारे प्रवाह असतात. त्यांत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे झगडून थकतो. त्याने किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडायचं आणि मग वळायचं असतं. तेवढं पोहणं तुझ्या अंगात अजून यायचं आहे.

पहिले दोन आठवडे झाले की बुडबुड्यांचं कसं चाललंय ते कळव.