बास गिटारची गुणगुण आणि हरवलेला खर्ज

प्रश्न : माझ्या जॅझ बासचे (दोन पिकअपांची बास गिटार) तिन्ही पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे भाग, मी घरीच बदलले. तेव्हापासून सतत गुणगुण ऐकू येते. तारांना हात लावून ती कमी होत नाही, जॅकच्या (केबल जोडायच्या खाचेच्या) धातूला बोट टेकले की मात्र कमी होते. शिवाय दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की खर्ज नाहीसा होतो. पिकअप (तारांखालचे, त्यांचा आवाज टिपणारे चुंबकीय भाग) बदलावेत का? – एक वाचक, सांगली

उत्तर : पिकअपवर खर्च करू नये, आपल्या वर्णनावरून दोन स्वतंत्र चुका दिसतात आणि दोन्ही डाखकामातल्या (सोल्डरिंगमधल्या) आहेत.

जॅकला हात लावून गुणगुण कमी होते, पण तारांना लावून होत नाही, याचा अर्थ ब्रिजखालून (तारा बसतात त्या धातूच्या पट्टीखालून) पॉटच्या पाठीपर्यंत येणारी ग्राउंडची वायर तुटली आहे किंवा तिचा डाख कच्चा राहिला आहे. (तारांना स्पर्श केल्यावर गुणगुण वाढली असती, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्याचा संशय घेतला असता.) गिटार अ‍ॅम्पपासून वेगळी करून मल्टिमीटरचे एक टोक ब्रिजला आणि दुसरे जॅकच्या बाहेरच्या धातूला लावावे, रोध एका ओहमच्या आसपास यायला हवा. पॉटची पाठ उष्णता शोषून घेते, त्यामुळे कमी शक्तीच्या सोल्डरिंग आयर्नने डाख वर नुसता चिकटून बसतो. पाठ पॉलिशपेपरने घासून 40 वॉटचे सोल्डरिंग आयर्न वापरावे.

खर्जाचे कारण अधिक रंजक आहे. जॅझ बासच्या दोन पिकअपांची वेटोळी आणि चुंबके परस्परांच्या उलट असतात, म्हणून दोन्ही समान उघडल्यावर तारांचा आवाज एकमेकांत मिळतो आणि विजेची 50 हर्ट्झची गुणगुण एकमेकींना मारते. एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की नेमके उलटे घडते : खर्ज मरतो आणि गुणगुण दुप्पट होते. एक व्हॉल्यूम थोडा कमी केल्यावर खर्ज परत येत असेल, तर निदान पक्के समजावे आणि कोणत्याही एकाच पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. मात्र त्या पिकअपच्या ग्राउंड वायरला धातूची पट्टी जोडलेली असल्यास दुसरा पिकअप निवडावा. एकच पिकअप उघडा असताना थोडी गुणगुण राहणारच, तो दोष नव्हे.

टोन पूर्ण बंद केल्यावर आवाजच गडप होत असेल, तर टोनच्या पॉटला जोडलेल्या 0.047 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे पाय एकमेकांना टेकले आहेत का तेही पाहावे. महागडा कपॅसिटर आणून त्याचा उपयोग नाही.

गुणगुण घालवण्यासाठी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो कदापि मानू नये, कारण अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाल्यास आपण हातात धरलेल्या तारांतूनच धक्का बसू शकतो.